जर्मन संकासूर

"भियाव नकात. मेल्लो माणूस पडद्याफाटल्यान बसान चाय पिता."

दर रविवारी दुपारी आमच्या वाचनालयाच्या माडीवर मेलेला पडद्यामागं चहा पितोय असा हा धीर देऊन सगळ्या गावाचे मामा सिनेमाचा खेळ सुरू करायचे. हे म्हणताना उजवा हात यंत्राच्या उजेडात धरायचे, त्यामुळे पडद्यावर आधी त्यांच्या पंजाची सावली पडायची. तो पंजा खाली गेला की मागून धुकं यायचं. धुक्यात एक दिवा, दिव्याखाली ओला रस्ता, रस्त्यावर टोपीवाला माणूस. आणि गोव्यातल्या आमच्या तुये गावातली, औद्योगिक वसाहतीच्या खोल्यांतली, शेजारच्या वाड्यांवरची माणसं एकमेकांना चिकटून बसायची.

मामा गेले त्यानंतर त्यांच्याविषयी कुठेकुठे छापून आलं. 'अशिक्षित असूनही', 'भाषा येत नसूनही', 'साधनं नसतानाही' असं बरंच काही होतं त्यात. मला तो 'असूनही' शब्द फार लागला. मामांना तो चालला नसता. म्हणून मी हे माझ्या गतीनं लिहिते आहे. मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल होते, आणि खेळाचं यंत्र मी चालवायची.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे एक निरुपयोगी वस्तू आली आणि त्यानं तिचा सगळ्या गावाला उपयोग लावला. मामांकडे आले ते जर्मन सिनेमे. जुने, काळेपांढरे, खुनांचे.

हरमलला मामांच्या बहिणीकडे एक म्हातारा जर्मन भाड्यानं राहायचा. सगळे त्याला सायब म्हणत. त्याच्या देशात त्यानं म्हणे सिनेमाघरात यंत्र चालवलं होतं. येताना लोक कपडे आणतात, त्यानं यंत्र आणि रिळांचे पत्र्याचे डबे आणले. संध्याकाळी घराच्या पांढऱ्या भिंतीवर तो सिनेमा लावायचा आणि मामा शेजारी बसून बघायचे. सायबाला मराठी येत नव्हती, मामांना जर्मन येत नव्हती. दोघं एकमेकांना फक्त पाव आणि चहा देत. पुढे सायब आजारी पडला, त्याला न्यायला त्याची भाची आली. जाताना त्यानं डब्यांवर हात ठेवला, मग मामांच्या छातीवर ठेवला. झालं ते वारसापत्र.

मामा तुयेच्या एका कारखान्यात खोकी बांधायचे. पण तो त्यांचा दिवसाचा धंदा. जत्रांच्या दिवसांत ते दशावतारात काम करायचे, आणि तेही स्त्रीपार्टी. तारामती, द्रौपदी, सीता. पेडण्यापासून नार्व्यापर्यंतच्या जत्रांतून मामांची बाई रंगमंचावर आली की पेटीवालाही सावरून बसायचा, असं जुनी माणसं सांगतात. मी त्यांना पाहिलं तेव्हा गुडघे गेले होते, लुगडं नेसणं सुटलं होतं, पण मान वळवायची लकब राहिली होती. वाचनालयाच्या जिन्यात दम लागून थांबत, तेही एका हातानं नसलेला पदर सावरून.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्यानं उभं राहून करायचं. एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच अरण्य. अशा माणसाच्या हाती परक्या भाषेतला सिनेमा पडल्यावर दुसरं काय होणार? मामा पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि सगळ्यांच्या तोंडून बोलू लागले. मी यंत्रामागे. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की मी आवाजाची कळ खाली करायची, किंचाळी किंवा संगीत आलं की वर. मामा नुसती मान हलवून सांगायचे. त्या माडीवर मी जेवढं बिनचूक काम केलं तेवढं पुस्तकांच्या कपाटातही केलं नसेल.

पहिल्या खेळाला गडबड झाली होती. सिनेमात मारेकरी येतो तो मधमाशा पाळणाऱ्याची काळी जाळी तोंडावर घेऊन, पायघोळ कोट घालून. जर्मनीत लोक त्याला पाहून खुर्चीत आक्रसत असतील. आमच्याकडे तो दिसला मात्र, माडी हसून कोसळली.

"संकासूर इलो रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

आमच्या दशावतारातला संकासूरही काळा बुरखा घालूनच येतो, आणि तो लोकांना हसवतो. दुसरा कुठला निवेदक चिडला असता. मामांनी तेच उचललं. मारेकऱ्याला त्यांनी संकासुराची थट्टेखोर बोली दिली. "गो म्हाताऱ्ये, पोळ्यात मध आसा मगे? जरा चाखूक देशीत?" लोक हसले. मग तोच हसरा आवाज न बदलता संकासुरानं म्हातारीचा गळा धरला. हसणं एकदम तुटलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं शेजारणीचा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दाखवत फिरत होती ती. त्यानंतर त्या जाळीवाल्याला सगळे 'जर्मन संकासूर' म्हणू लागले, आणि तो नुसता दारात उभा राहिला तरी मुलं खुर्चीखाली जाऊ लागली.

रिळं चारच सिनेमांची होती. एकात लुळ्या पायांचा डॉक्टर होता, एकात आंधळ्यांचं वसतिगृह, एकात मेणाचे पुतळे. पण लोकांचा जीव त्या जाळीवाल्याच्या सिनेमावर. लंडनजवळ दलदलीच्या कडेला मोठं घर, घरात मधमाशा पाळणारी श्रीमंत म्हातारी, तिच्या मरणाची वाट बघणारे नातेवाईक. आधी म्हातारी मरते, मग नातेवाईक एकेक करून. प्रत्येक खुनाआधी नुसतं गुणगुणणं ऐकू येतं. एक पाइपवाला इन्स्पेक्टर, त्याचा गबाळा मदतनीस. आणि काळा झगा, पांढरा एप्रन घातलेली एक मोलकरीण. ती फारशी बोलत नाही, सारखी दारात उभी असते, ट्रे घेऊन.

शेवटी जाळी तिच्या पेटीत सापडते. ती शेकोटीजवळ उभी राहून बराच वेळ बोलते, मग दार उघडून पळते, दलदलीत शिरते आणि बुडते. इन्स्पेक्टर काठावर कंदील धरून उभा.

मामांच्या कथेत ही मोलकरीण निरपराध होती. जाळी तिच्या पेटीत म्हातारीच्या पुतण्यानं ठेवली. शेकोटीजवळ ती आपली कर्मकहाणी सांगते, आणि इन्स्पेक्टर ऐकत नाही. हे भाषण मामा उठून उभे राहून करायचे. तारामतीचं सगळं बळ त्यात असायचं. "साहेबांनू, जी बाई सगळ्यांच्या आधी उठता, तिका सगळ्यांच्या आधी धरतत!" हे आलं की बायका पदर तोंडाला लावत. आणि दलदलीचं दृश्य आलं की मामा माणसांकडे वळून सांगायचे, "रडा नकात. बुडूक नाय ती. थंय खाली भुयार आसा. ती पलतडी गेली."

खेळाला सर्वांत जास्त बायका यायच्या कारखान्यांतल्या. आजऱ्याकडची सुमन त्यांची म्होरकी. गोळ्यांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम करायची, आणि तोंडानं कुणाला हार जायची नाही. भुयाराचं ऐकून ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मामा, भुयार हाय म्हंता, मग ती आदीच का न्हाई गेली त्यातनं?"

"एप्रन सुकूक घातललो, तो काढून जावक नको?" मामा म्हणाले.

माडी हसली, सुमन हसली, आणि भुयार पक्कं झालं.

*

मग केतकी आली.

केतकी सर्वणची. वडील खाणीवरचा ट्रक चालवायचे. ती जर्मनीत शिकत होती, सुट्टीत घरी आली तेव्हा कुणीतरी तिला खेळाला आणलं. चांगली मुलगी, हे आधीच सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून तिच्यावर राग काढाल. ती मागे बसून खूप हसली, खूप टाळ्या वाजवल्या. खेळ संपल्यावर मामांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, हे लंडन दाखवलंय ना, ते लंडन नाहीच. सगळं जर्मनीतच उभं केलंय. धुकंसुद्धा."

"मगे? आमची लंका तरी खंय लंकेत आसता?" मामा म्हणाले. "बाकड्यार आसता."

केतकीला ते इतकं आवडलं की तिनं पणजीतल्या एका चित्रपट मंडळाला मामांविषयी सांगितलं. महिन्याभरात मंडळाचे दोघे गाडी घेऊन तुयेला आले. मोठ्या सभागृहात या सिनेमाची स्वच्छ केलेली प्रत दाखवायची, शेजारी मामांनी उभं राहून बोलायचं. मामांच्या दशावतारी कंपनीला आयुष्यात पणजीचा रंगमंच मिळाला नव्हता. हरमल, कोरगाव, डिचोली, नार्वे, सगळं झालं. पणजी राहिली होती. डॉक्टरांनी तोवर मामांना ताकीद दिली होती की फुप्फुसं आता बोलण्यापुरतीच उरली आहेत, ओरडण्यापुरती नाहीत. म्हणजे पणजी आता नाही तर कधीच नाही. हे आम्हाला कळत होतं, त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

एकच अट होती. पाहुण्यांत जर्मन भाषा येणारे लोक असणार. तेव्हा बोलणं मूळ सिनेमाप्रमाणे हवं. केतकी सगळे संवाद मराठीत उतरवून देणार होती.

ते उतरवून घेताना तिला सांगावं लागलं. वाचनालयातच सांगितलं तिनं, माझ्या टेबलाशी, मामांचा हात धरून.

"मामा, शेकोटीजवळ ती कबुली देते. सगळे खून तिनंच केलेत."

मामांनी हात सोडवून घेतला नाही. नुसतं विचारलं, "कोणी सांगलां?"

"तीच सांगते. तिच्याच तोंडून."

"तिच्या तोंडान मी बोलतंय गे. इतकी वर्सां बोलतंय. खून केलो आसतो तर माका कळाक नको?"

हसू नका. मीही तेव्हा हसले नाही. माझा जन्म छापील शब्दावर विश्वास ठेवण्यात गेला. मी म्हटलं, "मामा, ज्यांनी सिनेमा काढला त्यांनी लिहिलंय ना तसं."

"बाय, तुजीं पुस्तकां बोलनत नाय, म्हणान तुका बरी वाटतत." मामा उठले. "लिवणारो लिवन घराक गेलो. उभां रवाचां पडता माका."

ही बातमी वसाहतीत पोचायला वेळ लागला नाही. त्या रविवारी माडीवर मोकळ्या खुर्च्या दिसल्या. जे आले त्यांतला एक जण शेकोटीच्या भाषणात मागून ओरडला, "मामा, पुरे करा! तीच खुनी आहे, सगळ्यांना कळलंय." मामा थांबले. यंत्र फिरत होतं, मोलकरणीचं तोंड हलत होतं. मी कळ वर करावी की नाही, मला समजेना. मग मामांनी भाषण जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं, एक शब्द न बदलता. संपवलं. भुयार सांगितलं. दिवे लागल्यावर त्या माणसापाशी गेले आणि म्हणाले, "तुज्या आवशीन तुका सांगलां, हो तुजो बापूस. तां खंय लिवलेलां बघितलंस?"

माडी दणाणली. पण जिना उतरताना मामा तीनदा बसले.

तुम्ही आता कारण शोधत असाल. मीही शोधलं. वाटलं, मामांची आई कुणाच्या घरी कामाला असेल, तिच्यावर कधी आळ आला असेल. एकदा धीर करून विचारलं. मामा खो खो हसले, मग खोकले. "माझी आवस? तिच्यार आळ? ती दुसऱ्यांचेर घाली!" त्यांच्या आईचा पेडण्यात दरारा होता म्हणे. नाही, तसलं काही नव्हतं. मामांनी एका बाईला आवाज दिला होता, आणि आता तो परत घ्यायला ते तयार नव्हते. माझ्या मते एवढं कारण पुरे आहे.

*

तरीही त्यांनी पणजीला होकार दिला.

सुमननं तर अबोला धरला. "पणजी बघितली आन् पोरीला फाशी दिली," असं ती मला येऊन म्हणाली. त्यांना नाही म्हणाली, मला म्हणाली. मामा मात्र बसनं सर्वणला जायचे, केतकीच्या ओसरीवर बसून संवाद पाठ करायचे. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्यानं लिहिलेलं बोलणं पाठ करत होते. मी दोनदा सोबत गेले. केतकी वाक्य वाचायची, मामा डोळे मिटून म्हणायचे. कबुलीचं भाषण तर त्यांनी असं बसवलं की केतकीच्या आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "ती झोपली होती. मी जाळी चढवली. मला हात धुवायचीसुद्धा घाई नव्हती." थंड, सपाट. मला मामांचा थोडा राग आला.

दुसऱ्या खेपेला केतकी लॅपटॉपवर शेवट दाखवत होती. मोलकरीण कमरेपर्यंत चिखलात. मामा एकदम म्हणाले, "थांब गे. ती हंय काय म्हणता?"

आम्ही पाहिलं. मोलकरणीचे ओठ हलत होते. इतकी वर्षं त्या जागी मामा आम्हाला भुयार सांगत असायचे, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

केतकीनं पुन्हा लावलं, कान जवळ नेला. "इथं फक्त संगीत आहे, मामा. बोलते काहीतरी, पण शब्द ठेवलेच नाहीत. काय म्हणते ते कुणालाच कळणार नाही."

"तुझ्या कागदार?"

"कागदावर 'संगीत' एवढंच लिहिलंय."

"बरां," मामा म्हणाले, आणि केतकीच्या आईकडे चहा मागितला. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

पणजीचं सभागृह थंडगार होतं. सुमन शेवटी आली, पाचसहा जणींना घेऊन, कामाच्या ठिकाणी रजा टाकून. "बगायला आलेय, टाळ्या वाजवायला न्हाई," असं आधीच बजावून ठेवलं तिनं. इथं यंत्र माझ्या हाती नव्हतं, मंडळाची माणसं होती. मला हात कुठं ठेवावे कळेना.

मामा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात उभे राहिले. खुर्ची दिली होती, बाजूला सरकवली. आणि सांगते, पणजीनं असा खेळ पाहिला नसेल. इन्स्पेक्टरचा घसा, मदतनिसाचं बोबडं लाचार बोलणं, पुतण्याची साखर, म्हातारीचं दात नसलेलं तोंड. लिहिलेल्या ओळींत दशावताराचा श्वास. लोक आधी कौतुकानं हसत होते, मग हसायचं विसरले. शेकोटीपाशी मोलकरीण उभी राहिली आणि मामांनी कबुली दिली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला हात धुवायचीसुद्धा घाई नव्हती. समोरच्या रांगेतल्या एका परदेशी बाईनं हळूच मान डोलावली.

सुमन माझ्या शेजारी उठायला लागली. मी तिचा हात धरला.

पडद्यावर दार उघडलं. दलदल आली. संगीत चढलं, इतकं की खुर्चीच्या पाठीत जाणवावं. खेळ संपला असं समजून काहींनी टाळ्यांसाठी हात उचलले. मोलकरीण कमरेपर्यंत गेली आणि तिचे ओठ हलले.

आणि मामा बोलले. त्या सगळ्या वाद्यांच्या वर.

"आताच जां मी बोललंय, तां माजां न्हय! तेंनी लिवन दिलां, तसां मी बोललंय. एक अक्षर गाळूक नाय. तेंच्या घरात मी भांडी घासलंय, लादी पुसलंय, त्या मधमाश्यांका पाणी ठेवलंय. खून मी करूक नाय. मानूचां तर माना. नाय तर हो चिखल आसा, आणि मी आसंय!"

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. मी त्यांची छाती सदऱ्याआडून हलताना पाहिली. पडद्यावर चिखल मिटला, इन्स्पेक्टरचा कंदील राहिला, मग तोही गेला.

मग माझ्या कानाशी सुमन किंचाळली, "सांगितलं न्हवं मी! सांगितलं न्हवं!" तिनं काहीच सांगितलं नव्हतं, उलट पोरीला फाशी दिली म्हणत होती. पण तिच्यापुढे कोण बोलणार? ती खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्या जणी उठल्या, मग मागच्या रांगा. पुढच्या रांगेतले काही उठले, काही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

पडद्यामागे मंडळाचे गृहस्थ आले. आवाज नम्र होता, चेहरा नव्हता. "मामा, आपलं ठरलं होतं. मूळ सिनेमाप्रमाणे."

"लिवलेलां एक तरी अक्षर सोडलंय? हिका विचारा."

केतकी रडत होती की हसत होती, सांगता येणार नाही. "नाही," ती म्हणाली. "एकही शब्द सुटला नाही."

"मगे? जंय लिवलेलां आसा, थंय तुमचां बोललंय. जंय काय लिवक नाय, थंय माजां." मामा खुर्ची शोधत होते, मी पुढे केली. बसल्यावर ते गृहस्थांना म्हणाले, "आणि तुमचे वाजप जरा लहान ठेवा. बाईमाणूस बोलताना इतक्या मोठ्यान वाजवक नये."

मंडळानं पुन्हा बोलावलं नाही. मामांनी त्याची वाटही पाहिली नाही. परत येताना गाडीत त्यांनी कोलवाळच्या पुलापाशी काच खाली करायला लावली आणि नदीचा वारा तोंडावर घेत बसले. सुमन मागून म्हणाली, "मामा, मला आदी सांगायचं होतं की."

"सांगलां आसतां तर तू सगळ्या गावाक सांगली आसतंस."

"त्ये बी खरं हाय."

*

गणेशचवथीच्या आधी मामा गेले. पणजीतल्या त्या ओरडण्यानं नव्हे, तसं म्हणणारे आहेत, त्यांना मी उत्तर देत नाही. फुप्फुसं संपली. शेवटच्या दिवसांत आवाज गेलाच होता. मी भेटायला गेले की ते भुवईनं बोलायचे, आणि तीही नाटकी.

बारावं झाल्यावर आलेल्या रविवारी सुमननं येऊन माडीच्या खिडक्यांना गोणपाट लावायला घेतले. मला विचारलं नाही. माणसं आपली आपण वर आली. केतकी जर्मनीत परत गेली होती, छापील संवाद हवे असले तर मंडळाकडून पाठवायला सांगीन असा तिचा निरोप होता. नको म्हणून कळवलं.

मी रीळ चढवलं. इन्स्पेक्टरचं बोलणं वाडीवरच्या एका रिक्षावाल्यानं करून पाहिलं, मदतनिसाचं दोघांनी भांडून केलं. संकासुराचं सगळ्यांनी मिळून केलं, कारण ते सगळ्यांना पाठ होतं. वाईट झालं. लोक हसले आणि डोळे पुसले. पण मोलकरीण ट्रे घेऊन दारात आली की कुणी तिच्यासाठी बोलायचं नाही. शेकोटीजवळ ती उभी राहिली तेव्हाही नाही. मी कळ खालीच ठेवली होती. तिचं ते लांबलचक भाषण आम्ही नुसतं पाहिलं. कबुली म्हणून ऐकायची आमची कुणाचीच तयारी नव्हती, आणि दुसरं काही बोलायला मामा नव्हते.

दलदल आली. तिथं संगीत असतं, तिथं कळ वर करायची. माझा हात कळीवर गेला. मी ती आणखी खाली ओढली, पार शेवटपर्यंत. माडीवर यंत्राच्या घरघरीशिवाय काही उरलं नाही.

"बगा," सुमन अगदी हळू म्हणाली. "ती कशी बोलतीया."

आम्ही बघत राहिलो. चिखल कमरेवरून छातीशी आला, छातीवरून गळ्याशी आला. एप्रनची पट्टी दिसेनाशी झाली. हनुवटी बुडाली तरी तिचं तोंड थांबलं नव्हतं.